न उचललेला पाय

रंगूबाईच्या तेरवीला रिठदला तिच्या घरापुढे मांडव टाकला होता. पंगत बसायच्या आधी कोणीतरी उकंडरावांना पुढे केलं. "कंडक्टर, तुमी बोला दोन शब्द. तुमचं बाईकडं लय येनंजानं होतं." उकंडराव उठले, टोपी काढली, परत घातली आणि "बाईच्या हाताले गुन होता" एवढंच बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. गहिवर होता, नाही असं नाही. पण खरं कारण निराळं होतं. उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या बाईबद्दल आपल्याला सांगण्यासारखं जवळजवळ काहीच ठाऊक नाही. तिचं माहेर कोणतं, माहीत नाही. नवरा कशानं गेला, हे विचारायचं राहूनच गेलं. ती कशाला भीत होती, एकटी असताना काय पुटपुटायची, तिला गोड आवडायचं की तिखट, काही म्हणजे काही नाही.

जे ठाऊक होतं ते कंडक्टरला उतारूबद्दल असतं तेवढं. उकंडराव केनवडचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. उभी नोकरी एसटीत, रिसोड डेपोला झाली. रिसोड-वाशिम गाडीवर असताना रिठदच्या थांब्यावर ही बाई चढायची. तिला खिडकीच लागे, कारण गाडी लागायची. दोन गावं गेली की पदराचा बोळा तोंडाशी धरून बसायची. मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं असे आणि त्यातून कडू, उग्र वास येई. तो वास उतारू उतरून गेल्यावरही गाडीत राही. "बाई, काय हाय ह्याच्यात?" असं एकदा उकंडरावांनी विचारलं होतं. "पाला," ती म्हणाली. "कशाचा?" "झाडाचा." त्यावर शेजारच्या बाकावरचे लोक हसले आणि उकंडरावांनी तिकीट फाडून दिलं. इतक्या वर्षांच्या गाडीतल्या ओळखीत त्या दोघांचं एवढंच बोलणं झालं होतं.

पुढे नोकरी संपली आणि गुडघे संपत आले. खड्ड्याखड्ड्यांतून उभ्यानं काढलेली वर्षं गुडघ्यांनी कुठेतरी लिहून ठेवली असावीत. इंजेक्शनं झाली, पट्टे झाले. शेवटी बायको भागिरथा म्हणाली, "रिठदच्या बाईकडं जा. तुमची माय जात होती तिच्या सासूकडं." म्हणून उकंडराव काळीपिवळी जीपमध्ये बसून रिठदला गेले.

ते आईबरोबर लहानपणी एकदा तिथे गेले होते, तेव्हाचं त्यांना आठवत होतं. रंगूबाईची सासू पाला द्यायची तेव्हा उकंडरावांच्या वस्तीतल्या माणसांनी अंगणाच्या बाहेर थांबायचं. वाटलेल्या पाल्याचा गोळा वरून ओंजळीत पडायचा आणि लेप ज्याचा त्यानं लावायचा. आईनं तो तसाच झेलला होता. म्हणून आताही उकंडराव अंगणाच्या कडेला घुटमळले. आतून रंगूबाईनं पाहिलं.

"काय हो कंडक्टर, तिकीट काढल्याबिगर आत येत नाही का तुमी? या. पाय लांब करा."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर आपला हात ठेवला, वाटीतला हिरवा लेप बोटांनी घेतला आणि सावकाश चोळायला लागली. उकंडराव आजूबाजूला कोण पाहतंय ते बघत होते.

"तिकडं काय पाहून राह्यले? गुडघा तुमचा इकडं हाय."

त्या दिवशी उकंडराव परत जाताना जीपच्या दांड्याला न लोंबकळता आत चढले.

रंगूबाईचं औषध मंगळवारी आणि शनिवारी असे. त्याला लोक 'वार' म्हणत. वाराच्या आदल्या दिवशी, सूर्य कलताना, ती नाल्याच्या काठावरच्या एका झुडपाकडे एकटी जायची. त्याच्या बुडाशी कुंकू आणि तांदूळ ठेवायची आणि त्याला आवतन द्यायची: उद्या तुझं काम आहे, चल. मग सकाळी जाऊन पाला आणायचा. आवतन न देता तोडलेला पाला म्हणजे नुसता चारा, असं ती म्हणे. थोडा पाला वाटून लेपाला, थोडा उकळून काढ्याला. झाडाचं नाव ती कधी तोंडानं घेत नसे. लोक त्याला रंगूबाईचा पाला म्हणत, तेच नाव.

तिच्यावर सासूनं दोन बंधनं घातली होती. मरायच्या आधी सासूनं तिच्या तळहातावर लेपाचा गोळा ठेवून हात दिला, म्हणजे विद्या दिली, तेव्हाच ती सांगितली. झाडाचं नाव घ्यायचं नाही, हे एक. दुसरं असं की औषध देणाऱ्यानं दुसऱ्या कोणाच्या हातचं औषध घ्यायचं नाही. घेतलं की हाताचा गुण जातो आणि परत येत नाही. रंगूबाईनं ते असं पाळलं होतं की ताप आला तरी तिनं कधी गोळी गिळली नव्हती. अंग दुखलं की आपलाच लेप, आपलाच काढा.

उकंडरावांची नात पौर्णिमा वाशिमला औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकत होती. तिला शेवटच्या वर्षाला काहीतरी तपासून दाखवायचं होतं. आजोबांचे गुडघे सुधारलेले पाहून तिनंच विषय काढला. "आबाजी, त्या आजींचा पाला मिळेल का? दुखण्यावर आणि सुजेवर खरंच चालतो का, ते पाहता येतं आमच्याकडे."

उकंडरावांना हे जमेल असं वाटलं नव्हतं. ते तिला घेऊन रिठदला गेले तेव्हा वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. पण बोलायची वेळ आली तेव्हा पौर्णिमाच बोलली. पांढऱ्या उंदरांवर तपासतात, म्हणाली. उंदराच्या पंजाला सूज आणायची, मग पाल्याचा अर्क द्यायचा आणि सूज किती उतरते ते मोजायचं.

रंगूबाईनं हातातला वरवंटा थांबवला. "सूज तुमीच आनता?"

"हो, आजी."

"अन् तुमीच उतरवता?"

"उतरते का ते पाहतो."

"मंग आनता कायले वं, बिचाऱ्यायले?"

सून वैष्णवी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. उकंडराव जमिनीकडे पाहत राहिले. पण रंगूबाई नाही म्हणाली नाही. वरवंटा बाजूला ठेवून म्हणाली, "न्या. पन आवतन हिनं सोता द्यायचं. माह्या हातानं तोडलेला पाला माह्यापुरता."

संध्याकाळी तिघंही नाल्याकडे गेली. झुडूप पुरुषभर उंचीचं, साधंच होतं. बाजूनं दहा वेळा गेलं तरी नजर जाऊ नये असं. रंगूबाईनं कुंकवाची पुडी पुढे केली. पौर्णिमानं आजोबांकडे पाहिलं. घरात कुंकू नाही, असले विधी नाहीत. रंगूबाईला समजलं असावं. तिनं पुडी कमरेला खोचली.

"तुमच्यात चालत नसीन त पानी घाल त्याले. कुंकवाचं झाडाले काय समजते. तहान समजते."

पौर्णिमानं बाटलीतलं पाणी बुडाशी ओतलं. "उद्या न्यायला येते," ती हळूच म्हणाली, आणि मग स्वतःच लाजली. परत येताना रंगूबाई मागे राहिली. उकंडरावांनी वळून पाहिलं तर ती उजवा पाय जरा ओढत होती. विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही. जड झाला हाय. दुखत नाही."

दुखत नाही, हे तेव्हा चांगलंच वाटलं.

कॉलेजातलं काम हिवाळा संपेस्तोवर चाललं. पौर्णिमा घरी येई तेव्हा उकंडराव विचारत, आणि ती "अजून नाही" म्हणे. उन्हाळ्याच्या तोंडावर ती आली तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. ओसरीवर बसून ती चहा थंड होऊ देत होती.

"दोन तपासण्या केल्या, आबाजी. एक दुखण्याची, एक सुजेची. दुखण्याची अशी असते. तव्यासारखी एक तापलेली पत्र्याची प्लेट असते. फार तापलेली नाही, पण चटका बसतो. उंदीर तिच्यावर ठेवला की थोड्या वेळात पाय उचलतो, पंजा चाटतो. उचलला की लगेच काढून घ्यायचा. किती वेळानं उचलला, ते लिहायचं."

"मंग?"

"पाला दिलेले उंदीर उशिरा उचलत होते. लय उशिरा. सर खूश झाले." तिनं कप खाली ठेवला. "एकानं उचललाच नाही. नुसता बसून राहिला. मिशा साफ करत होता. एक ठरलेली वेळ असते, त्याच्या पुढं ठेवायचा नसतो, नाहीतर भाजतो. मीच उचलून घेतलं त्याला. माझ्या हातात घेतला तेव्हा त्याचे तळवे लाल झालेले होते, आणि त्याला काही पत्ताच नाही."

"अन् सूज?"

"सूज होती तशीच. एकाचीही उतरली नाही."

उकंडरावांनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. त्यांना दोन्ही गुडघे मोठे वाटले. पूर्वीही मोठेच असतील. दुखणं थांबल्यापासून त्यांनी ते नीट पाहिलेच नव्हते.

ही गोष्ट रंगूबाईला सांगायला ते दोघं गेले तो दिवस वाराचा नव्हता. घरात गर्दी नव्हती. रंगूबाई चुलीशेजारी पाटावर पाय लांब करून बसली होती, चुलीवर काढा उकळत होता. लुगडं पोटरीपर्यंत सरकलेलं होतं. उकंडरावांनी तेव्हा पहिल्यांदा तो पाय उघडा पाहिला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वांग्यासारखा ताणलेला आणि चकचकीत, आणि त्यावर वाळलेल्या लेपाची हिरवट खपली. नजर तिथे गेली म्हणून त्यांनी ती खाली घेतली.

पौर्णिमा सांगायला लागली. तापलेल्या पत्र्यापर्यंत आली तेव्हा वैष्णवीनं चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. त्याच्यासोबत एक निखारा सुटून घरंगळत आला आणि रंगूबाईच्या टाचेला टेकून थांबला.

रंगूबाई ऐकत होती. "हं," म्हणत होती. निखारा टाचेला लागून होता. उकंडराव वाट पाहत होते, आता ओढेल, आता ओढेल. तिनं पाय हलवला नाही. मग वास आला.

पौर्णिमानं चिमटा उचलून निखारा चुलीत टाकला.   रंगूबाईनं वाकून टाचेकडे पाहिलं. दुसऱ्याच्या पायाकडे पाहावं तसं. मग तिनं वाटीतला लेप घेऊन त्यावर फासला आणि हसली.

"पाहा. तुमच्या उंदरापेक्षा मी पक्की हाय."

"आजी, हे चांगलं नाही," पौर्णिमा म्हणाली.  "पाला दुखणं थांबवतो, पण सूज थांबवत नाही. आत जे काय आहे ते आतल्या आत वाढत राहतं आणि तुम्हाला समजत नाही. तुम्ही रक्त तपासा. शुगर असेल. शुगरमध्येही पायाची जाणीव जाते. दोन्ही मिळून झालं असेल."

"दुखनं थांबते म्हनलं नं कालेजनं?"

"हो, पण..."

"झालं. मले तेच पाहिजे होतं. माही सासू सांगून गेली ते खरं निंगालं." आणि ती वैष्णवीला म्हणाली, "चहा ठेव वं पोरीसाठी. पास झाला पाला."

तिनं अर्धंच ऐकलं होतं आणि ते अर्धं वाऱ्यासारखं पसरलं. पौर्णिमानं खूप समजावलं, पण 'पास झाला' हा शब्द गावाला कळणारा होता आणि पौर्णिमाचे शब्द तसे नव्हते. रंगूबाईचा मुलगा जगदेव रिसोडच्या बाजार समितीत मापाडी होता. त्यानं थांब्यावर फ्लेक्स लावला: हात जोडलेली रंगूबाई, आणि खाली लिहिलेलं, 'वाशिमच्या कॉलेजमध्ये तपासलेला सांधेदुखीचा पाला'. फोटोत तिला कमरेपर्यंतच घेतलं होतं. पौर्णिमानं त्याला फोन करून तो काढायला सांगितला.

"खोटं काय हाय त्याच्यात, ताई? तपासला नाही का तुमी?"

तपासला होता. तिनं फोन ठेवला.

पावसाळ्यात पेरण्या, निंदण झालं, तशी माणसं वाढत गेली. सोयाबीन सोंगायचे, म्हणजे कापणीचे दिवस आले तेव्हा तर वाराला थांब्यापासून रांग लागू लागली. दिवसभर वाकून सोंगणाऱ्या बायांच्या कमरा, हमालांचे खांदे, म्हाताऱ्यांचे गुडघे. सगळे लंगडत येत आणि ताठ होऊन जात. काळीपिवळीवाले रिसोडच्या थांब्यावर ओरडून पाल्यासाठी उतारू भरत. नाल्याकाठचं झुडूप खालून उघडं पडत चाललं.

उकंडरावांनी लेप सोडला. कोणाला सांगितलं नाही. गुडघे सुजलेले असताना न दुखण्याची त्यांना भीती वाटू लागली होती. चार दिवसांत दुखणं परत आलं आणि जीपमध्ये चढताना डोळ्यांत पाणी आलं. तरी ते वाराला जातच राहिले. रांगेत शेवटी बसायचे, आपली पाळी आली की मागच्याला पुढे करायचे. त्यांना लेप नको होता. बाईचा पाय पाहायचा होता.

पाय आता कापडात गुंडाळलेला असे. टाचेचा चट्टा भरला नव्हता. रंगूबाई त्यावर रोज ताजा पाला बांधायची. जवळ गेलं की पाल्याचा तो ओळखीचा कडू वास येई, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, गोडसर, जो उकंडरावांना ओळखू यायचा पण ओळखायची इच्छा नव्हती. रांगेतल्या एकदोघी नाकाला पदर लावत आणि मग तोच पदर पुढे करून लेप घेत.

एका वाराला पौर्णिमा रक्त घ्यायची सुई घेऊनच आली. रंगूबाईनं हात मागे घेतला.

"रगत घेसान, मंग म्हनसान शुगर हाय, मंग गोळ्या देसान. गोळी पोटात गेली की हात गेला. अन् हात गेल्यावर या लोकाइले काय देऊ? फ्लेक्स देऊ का?"

लोक हसले. रांगेतला एकजण पौर्णिमाला म्हणाला, "बाई, तुमीच त पास केला, आता तुमीच कायले आडव्या येऊन राह्यल्या?" पौर्णिमा सुई पिशवीत घालून बाहेर जाऊन उभी राहिली. उकंडराव तिच्याजवळ गेले.  फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता.

उकंडरावांनी आपल्या परीनं जगदेवालाही गाठलं. जगदेव म्हणाला, "काका, मी पाया पडून सांगतलं. मायले उचलून नेऊ का? नेलं अन् उद्या तिच्या हाताचा गुन गेला, त जन्मभर मले बोलन." त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. पण त्या घरात आता ज्या गोष्टीवर सगळे उभे होते, ती म्हणजे बाईचा हात. आणि पाय त्या हाताच्या आड आला होता.

सोंगणीच्या दिवसांतल्या एका बुधवारी काय झालं ते आधी सांगितलेलं बरं, कारण त्याआधीच्या शनिवारचं बोलणं त्याच्याशिवाय नुसतंच बोलणं आहे.

शनिवारी रंगूबाईनं वाशिमला येऊन पाय दाखवायचं कबूल केलं होतं. मंगळवारचा वार उरकून बुधवारी सकाळच्या गाडीनं. उकंडराव बुधवारी पहाटेच केनवडहून निघाले. रिसोडला गाडी लागली तशी त्यांनी खिडकीतून हात घालून डावीकडच्या बाकावर आपला रुमाल टाकला. नोकरीत असताना असे रुमाल त्यांनी किती बाहेर फेकले असतील. मग ते आत जाऊन रुमालाशेजारी बसले. गाडी भरली. उभ्या असलेल्या एका बाईनं रुमालाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "पुढं रिठदला चढनार हाय एक पेशंट," ते म्हणाले. नव्या कंडक्टरनं विचारलं, "बाबा, तिकीट किती?" तर त्यांनी दोन घेतली.

रिठदला गाडी थांबली. फ्लेक्स होता. खाली माणसं होती. रंगूबाई नव्हती. उकंडराव उठून दारापर्यंत आले आणि चढणाऱ्या एका माणसाला विचारलं.

"रंगूबाई? तिले त परवा रातीच नेलं गा. रिसोडहून वाशिम, वाशिमहून अकोला. वीख भरलं होतं पायात. आज सकाळी गेली म्हनते."

बाकीचं उकंडरावांना तेरवीपर्यंत तुकड्यातुकड्यानं कळलं. सोमवारी दिवस कलताना ती नेहमीसारखी झाडाला आवतन द्यायला गेली. वैष्णवी म्हणाली होती, मी जातो. पण आवतन दुसऱ्यानं दिलेलं चालत नाही. दिवे लागले तरी आली नाही म्हणून जगदेव पाहायला गेला. ती झुडपाच्या बुडाशी बसलेली होती. अंग तापून नुसतं तवा झालेलं. कापड सुटून पडलं होतं आणि घोट्याच्या वर पाय काळा पडला होता. तिला कुठं दुखतंय का विचारलं तर म्हणाली, कुठंच नाही. कुंकू आणि तांदूळ व्यवस्थित ठेवलेले होते. मंगळवारी सकाळी लोक रांगेत येऊन बसले, दुपारपर्यंत बसले, आणि मग लंगडतच परत गेले.

शनिवारचं ते असं झालं. रांग संपली होती, ऊन उतरलं होतं. वैष्णवी अंगण झाडत होती. रंगूबाई पाट्यावरचा उरलेला लेप बोटानं निपटून वाटीत काढत होती. उकंडराव एकटेच उरले.

"तुमी मले फसवून राह्यले, कंडक्टर," ती वर न पाहता म्हणाली. "लेप घेत नाही अन् रांगेत बसता."

उकंडराव पाट्याजवळ सरकले. मग जे कित्येक दिवस मनात घोळत होतं ते बाहेर आलं, आणि ते आपण बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

"बाई, एक विचारू का? पाला कालेजात नेला. त्याले कुटलं, उकळलं, उंदराले पाजलं. तपासल्यानं पाल्याचा गुन गेला का?"

"नाही गेला."

"मंग पाय तपासल्यानं हाताचा गुन कसा जाईन? गोळी खाऊ नका. मी खाऊ देनार नाही. नुसता दाखवा. तपासनं म्हंजे औषध थोडीच हाय."

रंगूबाईचं बोट वाटीच्या कडेवर थांबलं. तिनं बराच वेळ पायाकडे पाहिलं. कापडावर एक माशी बसली होती, ती तिनं हाकलली नाही; तिला ती जाणवलीच नसावी.

"सासूनं हे नाही सांगतलं," ती म्हणाली. "तपासायचं नाही असं नाही सांगतलं."

"नाही नं."

"पन मंगळवारचा वार झाल्यावर. सोंगनीचे दिवस हायेत, लोकं येतीन."

"सोमवारी चला, बाई."

"सोमवारी आवतन असते. बुधवारी." तिनं हात धुतले, पदराला पुसले. "मले खिडकीची जागा पाहिजे. मळमळते."

"धरतो."

"रुमाल टाकसान का? तुमीच त फेकत होते लोकाइचे रुमाल."

"आता मी कंडक्टर नाही."

"बरं," रंगूबाई म्हणाली. "मंग टाका."